लोकलवाल्याचा मळा

भाजी पिकवायची तर माणूस घरी असावा लागतो, आणि चिखलोलीतला माणूस घरी नसतो. तो लोकलमध्ये असतो. लोकलमध्ये नसला तर ती पकडायला निघालेला असतो; रिक्षात ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धं अंग बाहेर ठेवून. त्यातून आमच्याकडे उलटं जायची रीत आहे. मुंबईला जायचं असलं की माणूस आधी बदलापूरला जातो. अंबरनाथला गाडीत शिरता येतं पण बसता येत नाही, बदलापूरला बसता येतं, असा एक जुना समज आहे. चिखलोली या दोहोंच्या मधोमध. आमचं स्वतःचं स्टेशन होणार हे ठरलेलं आहे. 2019 साली मंजूर झालेल्या एमयूटीपी-3 अ या रेल्वे प्रकल्पात कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका आहे आणि त्या मार्गिकेवर चिखलोली आहे. आम्हाला फ्लॅट दाखवला तेव्हा हॉल, किचन आणि स्टेशन अशा क्रमाने दाखवला होता. हॉल आणि किचन लगेच मिळालं.

अशा माणसाने कोथिंबीर लावू नये. कोथिंबिरीला सकाळी पाणी, दुपारी सावली आणि संध्याकाळी पुन्हा पाणी लागतं. एवढं करून चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी ती तयार होते, आणि नेमक्या त्या आठवड्यात मेगाब्लॉक, लग्न किंवा ऑडिट येतं. परत येऊन पाहावं तर कोथिंबिरीला फुलं आलेली. मग आपण ‘धणे झाले’ असं म्हणतो. ते धणे कोणी आमटीला वापरल्याचं मी पाहिलेलं नाही.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तात्यांना हे मान्य नाही. तात्या स्वेच्छानिवृत्त आहेत. निवृत्तीची इच्छा त्यांची आणि बागेची इच्छा काकूंची, म्हणजे ते घरातून निदान बाल्कनीपर्यंत तरी जावेत ही. तात्यांकडे कोकोपीट आहे, गांडूळखत आहे, निंबोळी पेंड आहे, फवारणीचा पंप आहे आणि मातीत खुपसून ओल मोजायचं एक यंत्र आहे. त्यांनी ब्रोकोली लावली. एप्रिलमध्ये अंबरनाथ-बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दूरदर्शनवाले आमच्याकडे कौतुकाने बघू लागतात. ब्रोकोलीला त्या कौतुकाची सवय नव्हती. एक गड्डा मात्र आला. लिंबाएवढा. तात्यांनी वहीत हिशेब मांडला, तेव्हा तो गड्डा माथेरानच्या एका मुक्कामाच्या भावात पडलेला निघाला. त्यात त्यांनी स्वतःचा वेळ धरला नव्हता, कारण त्याला भाव नाही असं काकूंचं म्हणणं पडलं.

माझं तळमजल्यावरचं घर. मागच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत चार फुटांची एक पट्टी आहे. बिल्डरच्या रंगीत पुस्तिकेत तिला ‘लॅन्डस्केप गार्डन’ म्हटलं होतं आणि तिच्यात एक गोरी बाई पुस्तक वाचत बसली होती. ताबा मिळाला तेव्हा बाई नव्हती. मुरूम होता, फुटक्या टाईल्स होत्या आणि पाऊस लागून दगड झालेली सिमेंटची अर्धी गोण होती. आज त्या पट्टीत शेवगा आहे, कढीपत्ता आहे, अळू आहे, गवती चहा, पानओवा, मायाळू आहे, कोपऱ्यात सुरण आहे. येणारे-जाणारे म्हणतात, ‘वा, तुम्हाला भारी आवड हो!’ मी मान लववतो. खरं सांगायचं तर यातलं निम्मंअधिक आपण होऊन आलेलं आहे आणि उरलेलं दुसऱ्यांनी लावलेलं आहे. माझा वाटा एवढाच, की मी रोज सकाळी साडेसहाला घराबाहेर पडतो आणि रात्री नऊला येतो. मधल्या वेळात झाडांना माझ्यापासून काही त्रास नसतो.

कढीपत्ता बुलबुलाने आणला. त्याची पिकलेली काळीजांभळी फळं पाखरं खातात आणि बी दुसऱ्यांच्या दारात टाकतात. एक झाड मोठं झालं की मुळांतून आजूबाजूला फुटवे काढतं, त्यामुळे दुसरं, तिसरं आणि चौथं झाड आणायला बुलबुलाचीसुद्धा गरज उरत नाही. कढीपत्त्याला आंबट ताक घालतात. आमच्या घरात ते आधी मला विचारून, मी नको म्हटलं की त्याला घालतात.

अळू आलं ते गळक्या पाइपामुळे. वरच्या सगळ्या स्वयंपाकघरांचं पाणी ज्या पाइपातून खाली येतं, तो आमच्या पट्टीशी येऊन थोडा गळतो. थेंबथेंब, पण बारमाही. कोणाच्या तरी भाजीच्या कचऱ्यातून एक गड्डा तिथे पडला असावा. आता तिथे हत्तीच्या कानाएवढी पानं आहेत. पानं काळ्या देठाची निघाली, म्हणजे वडीची. हिरव्या देठाची असती तर फदफद्यावर समाधान मानावं लागलं असतं. गळती बंद करायचा ठराव सोसायटीने मंजूर केलेला आहे, त्यामुळे अळवाला काही धोका नाही.

शेवग्याची कथा निराळी. आमचे वॉचमनमामा बुलढाण्याकडचे. त्यांना गणवेश वाळत घालायला दोरी बांधायची होती आणि दोरीला दुसरा खुंट हवा होता. पलीकडे गावठाणात कोणीतरी शेवगा छाटला होता. त्याची मनगटाएवढी जाड फांदी मामांनी आणून आमच्या पट्टीत रोवली. मे महिन्यात ती खुंट होती. जूनमध्ये खुंटाला पालवी आली. दिवाळीपर्यंत मामांचा शर्ट पानांच्या सावलीत वाळू लागला, म्हणजे वाळेनासाच झाला. मामांनी दोरी सोडून दुसरीकडे बांधली, पण खुंट तिथेच राहिला. पुढे त्याला शेंगा लागल्या. गावठाणातल्या एक आगरी आजी कधीमधी कंपाउंडवरून डोकावतात. त्यांना मी कौतुकाने विचारलं, याला पाणी किती घालायचं, कधी घालायचं. आजी हसून म्हणाल्या, ‘अरं बाला, याला कोन पानी घालतं? पाऊस हाय ना!’ मी म्हटलं, पावसाळा संपल्यावर? तर म्हणाल्या, ‘मंग पुढच्या पावसाची वाट बघतंय. तू नाय का गाडीची बघत?’

शेतीशास्त्राचं एवढं सुटसुटीत व्याख्यान मी दुसरं ऐकलेलं नाही. मेथी, पालक, कोथिंबीर यांना सगळा संसार दोन-तीन महिन्यांत उरकायचा असतो. मुळं वरच्यावर, त्यामुळे एक दिवस पाणी चुकलं की मान टाकली. आमच्या भागात आठवड्यातून एखादा दिवस नळ कोरडा जातोच. त्या दिवशी तात्या आपल्या कुंड्यांना बिसलेरी पाजतात. वर्षानुवर्षं जगणाऱ्या झाडाचं तसं नसतं. ते पहिली एक-दोन वर्षं कोणाकडे न बघता जमिनीखाली स्वतःची सोय लावतं. कोणाचा कंद, कोणाचं खोड, कोणाचं खोल मूळ. पाणी आणि पोसायचं सामान तिथे साठवलेलं असतं. शिवाय दर हंगामाला जमीन उकरायची नसते, त्यामुळे खालची गांडुळं आपापल्या जागी सुखात राहतात आणि खताचं काम बघतात. पडलेली पानं बुंध्याशी कुजतात, ती झाडायची नसतात. घरी हा मुद्दा मी अधूनमधून मांडतो. झाडण्याच्या बाबतीत.

तात्या फोनवर वाचतात आणि मला पाठवतात. त्यांच्याकडून मला कळलं की शेवग्याच्या ‘पीकेएम’ या प्रसिद्ध वाणाचं नाव तमिळनाडूतल्या पेरियाकुलम गावावरून आलं. तिथल्या फलोद्यान महाविद्यालयाने तो काढला, आणि बी लावल्यापासून सहा-आठ महिन्यांत तो शेंगा धरतो. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण रुचिरा’ आहे. बियांपासून आलेलं झाड मूळ सरळ खाली पाठवतं. फांदीपासून आलेलं मुळं आडवी पसरतं, म्हणून वादळात तेच आधी आडवं होतं. आमचं फांदीचं. दरवर्षी शेंगांचा बहर संपला की त्याला कमरेएवढा ठेवून छाटायचं, म्हणजे नव्या फांद्या हाताशी येतात आणि शेंगा शिडीवाचून निघतात. वर्षातून एकदा करायचं हे एवढंच काम. तेही मामा करतात.

शेवगा म्हटला की लहानपणी ऐकलेली एक गोष्ट आठवते. ती वेगवेगळ्या तऱ्हेने सांगतात, पण गाभा एकच. एका खानदानी घराण्याला वाईट दिवस आलेले. दारात शेवग्याचं झाड. भाऊ रात्रीच्या अंधारात शेंगा काढतात, गुपचूप विकतात, त्यावर चूल पेटते आणि दिवसा मिशीला पीळ कायम राहतो. एकदा एक पाहुणा मुक्कामाला येतो. सगळा प्रकार त्याच्या ध्यानात येतो. रात्री उठून तो झाड तोडतो आणि पहाटे निघून जातो. भाऊ आधी त्याच्या नावाने खडे फोडतात, मग नाइलाजाने कामाला लागतात आणि त्यांची भरभराट होते. गोष्ट संपली की गुरुजी विचारायचे, यावरून काय शिकलात? आम्ही सगळे एका सुरात उत्तर द्यायचो. आमच्या पिढीने ती शिकवण मनावर घेतली. गावाकडची झाडं सोडली, परसं सोडली, नोकऱ्या धरल्या आणि भरभराट होत होत चिखलोलीला पोचलो.

मला त्या पाहुण्याला एकदा आमच्या सकाळच्या फलाटावर आणायचंय. त्याने तोडलेल्या झाडांमुळे कामाला लागलेली दोन-तीन हजार माणसं तिथे एका वेळी बघायला मिळतील. झाड तोडल्यावाचून माणूस कामाला लागत नाही हे त्याचं गृहीतच मला पटलेलं नाही. आमच्या घरी शेवगा आहे आणि मी नोकरीलाही जातो. शेंगांवर घर चालत नाही, पण शेंगांच्या आमटीवर रविवार चालतो.

या झाडांची खरी किंमत पावसाळ्यात कळते. जुलैत मेथीच्या जुडीचा भाव विचारला की भाजीवाला आधी आपल्या पायातल्या चपलेकडे बघतो. पालेभाजी एक तर चिखलात सडलेली येते, नाही तर सोन्याच्या मोलाने. गाडीतून रुळांलगत हिरवागार माठ आणि पालक दिसतो खरा, पण तो कोणत्या पाण्यावर पोसतो हेही गाडीतूनच दिसतं, त्यामुळे एकदा खिडकीची जागा मिळाली की माणूस महिनाभर पालक खात नाही. नेमक्या त्याच दिवसांत आमची पट्टी उतू जात असते. मायाळूचा वेल ग्रिलवरून चढून बेडरूममध्ये डोकावतो, त्याच्या पानांची भजी होतात. पानओव्याची भजी होतात. अळूची वडी होते. सर्दी झाली की गवती चहा आहे. गोकुळाष्टमीला कोकणातल्या घरांत शेवग्याच्या पाल्याची भाजी लागते, आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांच्या बरोबरीने. त्या दिवशी आमच्या विंगमधले मालवण, देवगड आणि राजापूर सकाळी सातला माझ्या मागच्या दारी उभे असतात. एरवी पार्किंगवरून एकमेकांशी न बोलणारी ही माणसं एकाच फांदीला धरून असतात.

मग येते ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, नांगर न लागलेलं खायचं, असा आपला जुना नेम. म्हणून ऋषीच्या भाजीत अळू, सुरण, माठ, भेंडी, पडवळ असं परसातलं पडतं. म्हणजे नांगरणीशिवायची शेती ही कल्पना आपल्या बायकांकडे पंचांगात लिहून ठेवलेली होती. जपानचे फुकुओका नावाचे गृहस्थ ‘काही न करता शेती’ या विषयावर जगप्रसिद्ध झाले, आणि आपल्याकडे त्यांच्या पुस्तकाची पारायणं करणारे लोक आईने केलेली ऋषीची भाजी ताटात डावलायचे. आता मंडईतल्या कोणत्या भाजीला बैल लागला आणि कोणत्या भाजीला ट्रॅक्टर, हे सांगणं अवघड झालंय. आमच्या सेक्रेटरीबाईंचं म्हणणं, ट्रॅक्टर चालतो, नेम बैलाचा आहे. तरी धोका नको म्हणून त्याही अळू आणि सुरण माझ्याकडूनच नेतात. माझ्या पट्टीत बैल काय, कुदळही पडलेली नाही याची इमारतीतल्या सगळ्यांना खात्री आहे.

सुरण तर उदारपणाचं टोक आहे. काढताना कंदाचा एखादा तुकडा मातीत राहतोच. पुढच्या पावसात पुन्हा छत्री उघडतो. अळू काय, सुरण काय, यांना खाज आहे ती सुईसारख्या बारीक स्फटिकांची, कॅल्शियम ऑक्झलेट नाव त्याचं. चिंच, आमसूल पडलं आणि नीट शिजलं की ती बसते. बाजूच्या इमारतीतल्या एका नवविवाहित जोडप्याने अळूची हिरवी स्मूदी करून बघितली. दोन दिवस त्या घरातून भांडणाचा आवाज आला नाही. बोलताच येत नव्हतं.

याच खाजऱ्या खानदानातलं थोर घराणं म्हणजे शेवळं. पहिला पाऊस पडला की ठाकर आणि कातकरी बायका बदलापूर, अंबरनाथच्या स्टेशनांबाहेर टोपल्या घेऊन बसतात. शेवळांची जुडी आणि सोबत मूठभर काकडं. ही काकडं म्हणजे काकडी नव्हे. एका जंगली झाडाची आंबट हिरवी फळं. ती टाकल्याशिवाय शेवळं घशाखाली उतरत नाहीत. जमिनीखाली कंद वर्षभर झोपलेला, पाऊस लागताच आधी फुलाचा कोंब वर येतो आणि पान मागाहून. पेरणी नाही, राखण नाही. फक्त कुठे येतो ते ठाऊक हवं, आणि कुठून घ्यायचं नि किती ठेवायचं हेही. ते या बायकांना ठाऊक असतं. आमच्यासारख्यांना फक्त भाव करणं ठाऊक असतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सीकेपी वहिनी या दोन-तीन आठवड्यांत देहभान विसरतात. सोडे घालून शेवळं, खिमा घालून शेवळं, कोलंबी घालून शेवळं. एरवी मेथीच्या जुडीमागे दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी ही बाई शेवळंवालीला ‘मावशी’ म्हणते, बसायला वर्तमानपत्र देते आणि सांगेल ती किंमत मोजते. यंदा तिने मावशींकडून चार कंद मागून घेतले आणि मला न विचारता माझ्या पट्टीत पुरले. मला न विचारता घडलेल्या गोष्टींनीच ही बाग उभी राहिली असल्याने मी आक्षेप घेतला नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक सिंधी काका आहेत. कल्याणच्या लष्करी छावणीचं 8 ऑगस्ट 1949 ला उल्हासनगर झालं, त्याच्या मागेपुढे त्यांचे वडील कॅम्प नंबर चारमध्ये आले. काका आमच्याकडे राहायला आले ते दुकान मुलाला देऊन. पहिल्याच मोसमात एका सकाळी ते खाली आले आणि शेवग्याखाली उभे राहून वर बघू लागले. मला वाटलं शेंगा हव्यात. सिंधी कढीत शेवग्याच्या शेंगा पडतात हे मला ठाऊक होतं. काका म्हणाले, ‘साईं, शेंगा तुम्हाला ठेवा. मला फुलं द्या.’ फुलं? फुलांची भाजी करतात म्हणाले. मी उदारपणे होय म्हटलं. फुलं नेली तर शेंगा लागत नाहीत, हे मालवण-देवगड-राजापूरच्या लक्षात आधी आलं. त्यावरून विंगमध्ये दोन पक्ष पडले. एका पक्षाला झाडाची फुलं हवी होती, दुसऱ्याला शेंगा आणि पाला. शेवटी काकांनीच तोड काढली: पूर्वेकडच्या फांद्यांची फुलं त्यांची, पश्चिमेकडच्या शेंगा कोकणची. शेवग्याला वर्षातून दोनदा बहर येतो म्हणून हा तह टिकला आहे. एकदाच आला असता तर गोष्टीतला पाहुणा बोलवावा लागला असता.

कढीपत्त्याचा प्रश्न मात्र तहाने सुटणारा नाही. पूर्वी भाजीवाला मिरच्या-कोथिंबिरीवर कढीपत्ता फुकट टाकायचा. त्याने ते बंद केल्यापासून आमच्या दाराची बेल वाढली. कोणालाही कढीपत्ता ‘चारच पानं’ हवा असतो. चार पानांसाठी माणूस अख्खी डहाळी मोडतो, डहाळीसाठी फांदी ओढतो आणि जाताना विचारतो, ‘हल्ली झाड खराटलंय का हो?’ पहाटे फुलं चोरणारी मंडळी आकडीची काठी घेऊन फिरतात, त्यांच्यातले दोघे आता कढीपत्त्यावर आले आहेत. देवाची फुलं आणि उपम्याची फोडणी एकाच फेरीत उरकते. झाडाला याचं काही वाटत नसावं. जितकं तोडाल तितकं ते खालून फुटतं. मला वाटतं.

या सगळ्याला तोटे नाहीत असं नाही. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, आणि पावसात त्यावर केसाळ सुरवंट येतात. शेवगा दाराशी नको म्हणतात त्यामागे भूतबित काही नसून हे दोन प्रकार असावेत. सुरवंटांची दिवसा बुंध्यावर सर्वसाधारण सभा असते आणि रात्री वर जाऊन पानांवर भोजन. एका जुलैत त्यांतला एक सभासद सेक्रेटरीबाईंच्या वाळत टाकलेल्या परकरात सापडला. तात्या पंप घेऊन धावले. पण मामांनी त्यांना थांबवलं, सभा भरलेली असतानाच साबणाचं पाणी बुंध्यावर ओतलं आणि सगळे खाली पाडून बादलीत भरले. तात्यांचा पंप तेवढ्यासाठी दोन वर्षं वाट बघत होता, असं काकू म्हणाल्या.

शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून मांडलेलं आहे की दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट पोसता येतं. दहा गुंठे म्हणजे दहा हजार आठशे नव्वद चौरस फूट. तात्यांची बाल्कनी तीस चौरस फूट आहे. म्हणजे त्याच हिशेबाने तात्या बाल्कनीवर एका माणसाला वर्षातले पाच दिवस पोसू शकतील. काकूंनी ते पाच दिवस कोणाचे, हे ताबडतोब ठरवलं आणि माहेरी गेल्या.

गेल्या सप्टेंबरात आमची वार्षिक सभा झाली. ती दरवर्षी 30 तारखेच्या आत घ्यावी लागते, म्हणून आम्ही 30 तारखेलाच घेतो. परकराच्या प्रकरणानंतर शेवगा तोडावा असा एक विषय पटलावर आला होता. तात्यांनी कायदा वाचून आणला होता: महाराष्ट्रात शहरी भागात झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शिवाय 2021 पासून पन्नास वर्षांच्या पुढच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणतात. कोणीतरी विचारलं, इमारतीला काय म्हणतात? सेक्रेटरीबाई म्हणाल्या, तीस वर्षांनंतर तिला पुनर्विकास म्हणतात. त्यावर सभागृहात, म्हणजे पार्किंगमध्ये, जरा शांतता पसरली. मालवणने विचारलं, पुनर्विकासात शेवगा कुठल्या मजल्यावर मिळणार? देवगडने करारातच तशी अट घालायची सूचना केली. सिंधी काकांनी फुलांचा हक्क स्वतंत्र कलमात हवा म्हणून सांगितलं. वहिनींनी शेवळांच्या कंदांची नोंद मागितली. कढीपत्त्याचं वाटप प्रति सदनिका आठवड्याला एक डहाळी, भाडेकरूंना अर्धी, असं ठरलं. भाडेकरू सभेला नव्हते. साडेतीन तास चालून सभेने एकमताने ठराव केला की शेवगा, कढीपत्ता, अळू व इतर झाडं सोसायटीच्या आवारात कायम करण्यात येत आहेत. सूचक तात्या, अनुमोदक काका. टाळ्या झाल्या. मामा मागे उभे राहून सगळ्यांना गवती चहा घातलेला चहा देत होते. मामांना कायम करण्याचा विषय शेवटचा होता. तो वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.